आधी कुणीच न बोललेला शब्द

‘बाहुबली’चा पहिला भाग २०१५ साली आला. युद्धाच्या प्रसंगात कालकेयांचा सरदार जिभेचे टकटक आवाज काढत तावातावाने बोलू लागतो, आणि चित्रपटगृहातून बाहेर पडताना कितीतरी जण एकमेकांना एकच प्रश्न विचारत होते: तो बोलत होता ती खरंच भाषा आहे, की ऐकायला भीतीदायक वाटतील असे नुसतेच आवाज?

ती भाषाच होती. तमिळ गीतकार मदन कार्की यांनी घडवलेल्या त्या भाषेचं नाव किलिकी. तिच्यासाठी त्यांनी सुमारे ७५० शब्द आणि व्याकरणाचे ४० नियम तयार केले. पण उत्तर मिळालं की खरा प्रश्न पुढे येतो. शब्दांची यादी आणि नियमांची वही झाली म्हणजे भाषा झाली का? कल्पनेतल्या जगासाठी एका माणसाने टेबलाशी बसून रचलेल्या बोलीला भाषा कधी म्हणायचं?

या प्रकरणात एक साधी कसोटी लावून पाहू. ज्याने ती भाषा घडवलेली नाही अशा माणसाने, घडवणाऱ्याने कधीच न उच्चारलेला शब्द तयार केला आणि तिसऱ्या माणसाला तो न विचारता समजला, तर ती भाषा उभी राहिली. या कसोटीला एका विशिष्ट बांधणीच्या भाषा फार चांगल्या उतरतात. कल्पित जगांसाठी रचलेल्या दोन अतिशय प्रसिद्ध भाषा, क्वेन्या आणि क्लिंगॉन, त्याच बांधणीच्या आहेत, हा निव्वळ योगायोग नाही.

१. एकावर एक पुडं

तुर्की भाषेत घराला ‘एव’ म्हणतात. घरं म्हणजे ‘एवलेर’. आमची घरं म्हणजे ‘एवलेरिमिझ’. आमच्या घरांतून म्हणजे ‘एवलेरिमिझदेन’. हा शेवटचा लांबलचक शब्द चार तुकड्यांत सहज सुटतो: एव-लेर-इमिझ-देन. ‘लेर’ने अनेकवचन दाखवलं, ‘इमिझ’ने ‘आमचं’ सांगितलं, ‘देन’ने ‘पासून, -हून’ हा अर्थ आणला. एका तुकड्याकडे एकच काम, आणि तुकड्यांचा क्रम ठरलेला.

जेवणाचा पुडांचा डबा डोळ्यांसमोर आणा. खालच्या पुडात भात, त्यावर आमटी, त्यावर भाजी. पुडं एकमेकांवर घट्ट बसतात, कडी लावली की सगळं मिळून एकच वस्तू होते. तरी उघडल्यावर भाजीत आमटी मिसळलेली नसते. शब्द घडवण्याच्या या पद्धतीला एकोणिसाव्या शतकात जर्मन विचारवंत विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट यांनी लॅटिनमधल्या डिंकाच्या अर्थाच्या शब्दावरून नाव दिलं. इथे आपण अशा भाषांना सरळ ‘जोडभाषा’ म्हणू. तुर्की, फिनिश, हंगेरियन, जपानी, कोरियन, स्वाहिली या सगळ्या कमी-अधिक प्रमाणात जोडभाषा आहेत.

आणि त्या शोधायला इस्तंबूलला जायची गरज नाही. सोलापूर, अक्कलकोट, जत, गडहिंग्लज या पट्ट्यात ज्यांच्या कानांवर लहानपणापासून कन्नड पडलं आहे, त्यांना हा प्रकार ओळखीचा आहे. कन्नडमध्ये ‘मने’ म्हणजे घर, ‘मनेगळु’ म्हणजे घरं, ‘मनेगळल्लि’ म्हणजे घरांमध्ये, ‘मनेगळिंद’ म्हणजे घरांतून. ‘गळ’ हा अनेकवचनाचा तुकडा जागचा हलत नाही. त्याच्यापुढचा तुकडा तेवढा बदलतो.

२. मग मराठीचं काय?

मराठीही प्रत्यय लावते, तेही भरपूर. ‘घरातल्यांनासुद्धा’ हा शब्द रोजच्या बोलण्यातला आहे आणि त्यात चार-पाच तुकडे सलग जोडलेले आहेत. तरीही मराठीला पूर्ण जोडभाषा म्हणता येत नाही. का, ते तुकडे सोडवायला बसलं की कळतं.

‘घर’ला थेट ‘त’ लागत नाही. आधी ‘घर’चं ‘घरा’ होतं. शाळेत ज्याला सामान्यरूप म्हणून पाठ केलं, ते हेच. ‘मुलगा’चं ‘मुला’ होतं आणि मधला ‘ग’ गळून पडतो. ‘नदी’चं ‘नद्यां’ होतं. त्या ‘द्यां’मधला अनेकवचनाचा तुकडा कोणता आणि सामान्यरूपाचा कोणता, हे सुरीने कापून दाखवता येत नाही. क्रियापदात तर गुंता आणखी घट्ट. ‘ती गेली’मधली एकुलती एक ‘ई’ स्त्रीलिंग आणि एकवचन अशा दोन्ही गोष्टी एका दमात सांगते. शिवाय ‘मुलं गेली’ म्हणताना तीच ‘ई’ नपुंसकलिंगी अनेकवचन दाखवते. संस्कृतकडून आलेला हा वारसा आहे. तिथे एका प्रत्ययात लिंग, वचन आणि विभक्ती विरघळून एक झालेल्या असतात.

अशी विरघळलेली रूपं देखणी असतात, पण एकेक करून पाठ करावी लागतात. ‘देव’ चालवता आला म्हणून ‘नदी’ आपोआप चालवता येत नाही. कल्पित भाषा रचणाऱ्यासमोर नेमकी हीच अडचण असते. त्याच्या भाषेला आई नाही, अंगण नाही, पाठांतर करून घेणारे गुरुजी नाहीत. जो शिकेल तो वहीतूनच शिकणार. त्याला थोडक्या सामग्रीत पुष्कळ बोलता आलं पाहिजे.

३. बावीस तुकडे, अडीच हजार शब्द

एक छोटा हिशेब करू. समजा, समुद्रावर राहणाऱ्या एका कल्पित जमातीसाठी भाषा रचायची आहे. मूळ शब्द घेतले फक्त १०. प्रत्ययांसाठी चार जागा ठरवल्या: पहिली आकाराची, दुसरी संख्येची, तिसरी मालकीची, चौथी ठिकाणाची. प्रत्येक जागेसाठी तीन प्रत्यय. जागा रिकामीही ठेवता येते, म्हणजे प्रत्येक जागी चार पर्याय झाले. एका मूळ शब्दापासून ४ × ४ × ४ × ४ म्हणजे २५६ रूपं तयार होतात. दहा शब्दांची २,५६० रूपं. पाठ करायचे तुकडे मात्र १० अधिक १२, म्हणजे २२.

आता प्रत्यक्ष तुकडे. ‘लुम’ म्हणजे होडी. ‘की’ म्हणजे अनेक, ‘सो’ म्हणजे माझं, ‘वे’ म्हणजे -वर. लुमकी: होड्या. लुमकीसो: माझ्या होड्या. लुमकीसोवे: माझ्या होड्यांवर. आता फक्त एवढंच सांगितलं की ‘ताश’ म्हणजे बेट. ‘माझ्या बेटांवर’ला या भाषेत काय म्हणतील?

वाचकाने मनात ‘ताशकीसोवे’ म्हटलं असेल, तर वर सांगितलेली कसोटी पार पडली. तो शब्द इथे कुणीच आधी दिलेला नव्हता.

मात्र इतकी काटेकोर भाषा कानाला यंत्रासारखी वाटते. माणसांच्या तोंडात फिरलेले शब्द झिजतात, एकमेकांकडे झुकतात. तुर्कीतही ‘एव’चं अनेकवचन ‘एवलेर’, पण घोडा म्हणजे ‘आत’, त्याचं अनेकवचन ‘आतलार’ होतं. ‘आ’ हा स्वर आधी आला की प्रत्ययातला ‘ए’ही ‘आ’ होतो. शब्दातले स्वर एका सुरात लावून घेण्याची ही सवय फिनिश आणि हंगेरियनमध्येही आहे. तिचा उपयोग मोठा आहे. एवढ्या लांब शब्दांच्या ओघात एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे ओळखायला कानाला मदत होते. आपल्या समुद्री भाषेत दोन-तीनशे वर्षांनी ‘लुमकीसोवे’चं ‘लुमकिस्वे’ झालं, असं ठरवलं, की तिला लगेच वय आल्यासारखं वाटतं.

ही झीज जितकी वाढवावी तितकी भाषा खरी वाटते आणि तितकीच शिकायला अवघड होते. भाषा रचणाऱ्याला या दोन टोकांमध्ये कुठेतरी थांबावं लागतं. क्वेन्याचे कर्ते टोल्किन एका टोकाजवळ थांबले, क्लिंगॉनचे कर्ते ओक्रँड दुसऱ्याजवळ.

४. ग्रंथालयात भेटलेली फिनिश

जे. आर. आर. टोल्किन (१८९२–१९७३) ऑक्सफर्डच्या एक्सेटर कॉलेजात शिकत असताना ग्रंथालयात त्यांच्या हाती फिनिश भाषेचं एक व्याकरण पडलं. त्या भाषेच्या आवाजाने त्यांना अक्षरशः झिंग आणली. अनेक वर्षांनी, १९५५ साली, कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी त्या अनुभवाचं वर्णन उत्तमोत्तम मद्याने भरलेलं तळघर सापडल्यासारखं केलं आहे. १९१५च्या सुमारास त्यांनी स्वतःच्या भाषेचा कोश लिहायला घेतला. पुढे तीच ‘क्वेन्या’ झाली: त्यांच्या कल्पित जगातल्या एल्फ लोकांची प्राचीन, सन्मानाची भाषा. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४–५५मध्ये छापून आलं, म्हणजे भाषा कादंबरीपेक्षा चार दशकं मोठी. भाषांना राहायला जग हवं म्हणून कथा लिहिल्या, असं टोल्किन स्वतः सांगत, आणि तारखा पाहिल्या की ते पटतं.

क्वेन्यात जहाजाला ‘किर्या’ म्हणतात. जहाजाकडे: किर्यान्ना. जहाजात: किर्यास्से. जहाजापासून: किर्याल्लो. फिनिशमध्ये ‘तालो’ म्हणजे घर आणि ‘तालोस्सा’ म्हणजे घरात. त्या ‘स्सा’ची छाया ‘किर्यास्से’वर स्पष्ट पडली आहे.

तरीही टोल्किन यांनी फिनिश उतरवून काढली नाही. ‘माझ्या घरात’ म्हणायला फिनिश माणूस ‘तालो-स्सा-नि’ म्हणतो: आधी ‘-त’, मग ‘माझ्या’. क्वेन्यात क्रम उलटा आहे. ‘तुझ्या वाटेवर’साठी टोल्किन ‘तिए-ल्या-न्ना’ लिहितात: वाट, तुझी, -वर. हा क्रम तुर्कीशी जुळतो. अनेकवचनाचं तर आणखी वेगळं. तुर्की आणि फिनिश दोन्हींमध्ये ते विभक्तीच्या आधी येतं. क्वेन्यात ‘जहाजांकडे’ म्हणजे ‘किर्यान्नार’, म्हणजे अनेकवचनाचा ‘र’ सर्वांत शेवटी. शिवाय क्वेन्यात द्विवचन आहे. ‘किर्यात’ म्हणजे दोन जहाजं. ‘देवौ’ पाठ केलेल्या मराठी वाचकाला ते वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

क्वेन्याची खरी ताकद तिच्या क्रियापदात दिसते. कादंबरीच्या शेवटाकडे तिच्यातल्या ॲरागॉर्न या पात्राला डोंगरउतारावर एका पांढऱ्या वृक्षाचं रोप सापडतं, तेव्हा त्याच्या तोंडून एक शब्द निघतो: ‘उतूविएन्येस’. त्या एका शब्दात पूर्ण वाक्य आहे. ‘तूव’ हा सापडण्याचा धातू. त्याचाच स्वर पुढे घेऊन आलेला ‘उ’ आणि शेवटचं ‘इए’ मिळून क्रिया पूर्ण झाल्याचं सांगतात. ‘न्ये’ म्हणजे मी, ‘स’ म्हणजे ते. मला ते सापडलं! आनंदाने ओरडणाऱ्या माणसाला वाक्याचे चार शब्द जुळवत बसायला वेळ नसतो, आणि टोल्किन यांच्या कानाला ते ठाऊक होतं.

पण झीज घडवून आणण्याचा त्यांचा ध्यास विलक्षण होता. क्वेन्याच्या मागे त्यांनी एक आदिभाषा कल्पिली, तिच्यातून ध्वनी कसे बदलत गेले याचे नियम लिहिले, आणि त्याच आदिभाषेपासून सिन्दारिन नावाची दुसरी भाषा वेगळ्या वाटेने काढली. तिची ठेवण वेल्शसारखी आहे आणि ती जोडभाषा राहिलेलीच नाही. हे काम ते आयुष्यभर फिरवून फिरवून करत राहिले. सर्वनामांचे प्रत्यय आज एक, काही वर्षांनी दुसरे. त्यामुळे आज क्वेन्यात नवं वाक्य रचणाऱ्या अभ्यासकाला आधी ठरवावं लागतं की कोणत्या वर्षाची क्वेन्या धरायची. जगातली कदाचित सर्वांत सुंदर कल्पित भाषा बोलायला मात्र अवघड होऊन बसली, आणि ती तिच्या कर्त्याच्या प्रेमामुळेच तशी झाली.

५. शेवटच्या बोलणारीच्या नोंदींतून

दुसरी कथा कॅलिफोर्नियातली आहे. तिथल्या सॅन हुआन बाउतिस्ता परिसरातल्या आदिवासींची मुत्सुन नावाची भाषा होती. ती अस्खलित बोलणाऱ्या शेवटच्या बाई, आसेन्सिओन सोलोर्सानो, १९३० साली गेल्या. त्यांच्या अखेरच्या काळात जे. पी. हॅरिंग्टन नावाचे भाषाभ्यासक त्यांच्याजवळ बसून शब्द टिपून घेत होते. चार दशकांनंतर मार्क ओक्रँड या तरुण संशोधकाने त्या नोंदींवर काम केलं आणि १९७७ साली बर्कली विद्यापीठात मुत्सुनच्या व्याकरणावर पीएच.डी. मिळवली.

हेच ओक्रँड पुढे क्लिंगॉनचे कर्ते झाले. बोलणारा एकही माणूस उरलेला नसताना, कागदांवरच्या तुकड्यांमधून भाषेची घडण कशी उलगडायची, हे ज्याने शिकून घेतलं होतं, त्याच्याकडे बोलणारा एकही माणूस अजून नसलेली भाषा घडवण्याचं काम आलं. कल्पित भाषांच्या इतिहासात इतकी योग्य निवड क्वचितच झाली असेल.

‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकी मालिका १९६६मध्ये सुरू झाली. तिच्यातले लढवय्ये क्लिंगॉन लोक सुरुवातीला सरळ इंग्रजीतच बोलत. १९७९च्या चित्रपटात त्यांच्या तोंडी पहिल्यांदा वेगळे शब्द आले. ते सुचवले होते मालिकेतल्याच जेम्स डूहान या अभिनेत्याने. १९८४च्या तिसऱ्या चित्रपटासाठी ओक्रँड यांना बोलावलं गेलं. त्यांनी डूहान यांचे ते मूठभर आवाज पाया म्हणून घेतले आणि त्यांवर व्याकरण उभं केलं. १९८५ साली त्यांचा ‘द क्लिंगॉन डिक्शनरी’ हा कोश छापून आला.

आवाज निवडताना त्यांनी एक गंमत केली, आणि ती मराठी वाचकाला इंग्रजी वाचकापेक्षा लवकर उमगेल. आपल्या वर्णमालेत ट ठ ड ढ ण अशी एकाच जागेवरून उच्चारल्या जाणाऱ्या व्यंजनांची शिस्तीची रांग आहे. मानवी भाषांना अशा रांगा आवडतात. क्लिंगॉनमध्ये जीभ मागे वळवून म्हणायचा मूर्धन्य ‘ड’ आहे, ‘ष’ आहे, पण त्यांच्या जोडीचे ‘ट’ आणि ‘ण’ नाहीत. ‘त’ आणि ‘न’ जिभेच्या टोकाने पुढेच म्हणायचे. दंत्य ‘द’ नाही, ‘स’ नाही. एकूण २१ व्यंजनं आणि ५ स्वर. त्यातला एकेक आवाज कुठल्या ना कुठल्या माणसाच्या भाषेत सापडतो, पण हा संच मात्र माणसांनी जमवल्यासारखा वाटत नाही.

वाक्याचा क्रमही असाच जाणूनबुजून उलटा: आधी कर्म, मग क्रियापद, शेवटी कर्ता. ‘पुक़ लेग़ षुववि’’ म्हणजे ‘योद्धा मुलाला बघतो’. ‘पुक़’ हे मूल पहिल्यांदा, ‘लेग़’ म्हणजे बघतो हे मध्ये, ‘षुववि’’ हा योद्धा शेवटी. (क़ आणि ग़ उर्दूतल्याप्रमाणे घशातून म्हणायचे. शब्दातल्या किंवा शब्दाच्या शेवटच्या ’ या खुणेवर श्वास क्षणभर अडवायचा.) मराठीत ‘मुलाला’मधल्या ‘ला’ने कर्म ओळखता येतं, म्हणून शब्द पुढेमागे केले तरी चालतं. क्लिंगॉनमध्ये तसा प्रत्यय नाही. कोणाला बघितलं, हे केवळ जागेवरून कळतं. हा क्रम मानवी भाषांत फार दुर्मीळ आहे. ब्राझीलमधल्या हिश्कार्याना या भाषेत तो आढळतो.

६. पाच ठरलेल्या जागा

क्लिंगॉन नामाला प्रत्ययांच्या पाच जागा आहेत आणि प्रत्येक जागेला क्रमांक आहे. पहिली आकाराची, दुसरी अनेकवचनाची, तिसरी ‘खरोखरचं’, ‘तथाकथित’ अशा शेऱ्यांची, चौथी मालकीची, पाचवी वाक्यातल्या कामाची. एका जागेवर एका वेळी एकच प्रत्यय. मधली कुठलीही जागा मोकळी सोडता येते, क्रम मात्र बदलता येत नाही.

‘डुज’ म्हणजे जहाज. पाचही जागा भरून पाहू: डुज-’आ’-मेय-ना’-विज-वो’. जहाज, मोठं, अनेक, खरोखरचं, माझं, -वरून. ‘माझ्या खऱ्याखुऱ्या मोठ्या जहाजांवरून.’ हा शब्द या प्रकरणासाठी नियमांवरून जुळवला आहे. तरीही क्लिंगॉन जाणणारा कुणीही तो ऐकता क्षणी उलगडेल.

अनेकवचनाच्या जागेवर तीन प्रत्यय आहेत, आणि त्यांत भाषेपेक्षा समाज जास्त दिसतो. बोलू शकणाऱ्या जिवांसाठी ‘पु’’, शरीराच्या अवयवांसाठी ‘डु’’, बाकी सगळ्यांसाठी ‘मेय’. मुलं म्हणजे ‘पुक़पु’’. माझ्या मुलांसाठी: पुक़-पु’-वि’-वाड. मालकीतही हा भेद चालतो. बोलणाऱ्या माणसाला ‘माझा’ म्हणताना ‘वि’’, वस्तूला ‘विज’. आपल्या माणसाला चुकून वस्तूचा ‘विज’ लावला तर व्याकरण मोडत नाही, पण अपमान होतो. बोलणारे आणि न बोलणारे हा भेद ओक्रँड यांच्या डोक्यातून निघालेला वाटेल, पण तमिळ व्याकरणाने फार प्राचीन काळापासून नामांची ‘उयर्तिणै’ आणि ‘अह्‌रिणै’ अशी वाटणी केली आहे: विवेक असलेल्यांची एक, बाकीच्यांची दुसरी.

७. नकार कुठे बसतो

क्रियापदाला तर नऊ जागा आहेत. करायला लागणं, करायची तयारी असणं, पुन्हा करणं, दुसऱ्याकडून करवून घेणं, जमणं, नक्की असणं, चालू असणं, अशा सगळ्या अर्थांना आपापली जागा. पण जागांच्या या शिस्तीत काही प्रत्यय मोकळे ठेवले आहेत. त्यांतला एक नकाराचा ‘बे’’. ज्या तुकड्याला नाकारायचं, त्याच्या लगेच मागे तो जाऊन बसतो.

‘विप’ म्हणजे भीती वाटणं. ‘वि-लेग़-विप’: ते बघायची मला भीती वाटते. आता नकार शेवटी ठेवा: ‘वि-लेग़-विप-बे’’. ते बघायची मला भीती वाटत नाही. नकार एक घर आधी आणा: ‘वि-लेग़-बे’-विप’. ते न बघण्याची मला भीती वाटते! पहिला माणूस धीट आहे; दुसरा घाबरलेला, पण नजर हटवायला तयार नाही. तुकडे तेच, फक्त एकाची जागा बदलली. जोडभाषेचं सामर्थ्य दाखवायला यापेक्षा सोपं उदाहरण मिळणं कठीण.

या शब्दांच्या आरंभी जो ‘वि’ आहे, तो मात्र वेगळ्या जातीचा. तो एकट्याने ‘मी’ आणि ‘त्याला’ अशा दोन्ही गोष्टी सांगतो. ‘मी तुला बघतो’ म्हणायचं तर तो जातो आणि त्याच्या जागी ‘क़ा’ येतो: क़ालेग़. या ‘क़ा’मध्ये ‘मी’ कुठे आणि ‘तुला’ कुठे हे सांगता येत नाही. मराठीच्या ‘गेली’तल्या ‘ई’सारखाच हा विरघळलेला तुकडा. स्वाहिलीत ‘मी तुझ्यावर प्रेम करतो’ला ‘निनाकुपेंदा’ म्हणतात आणि ते ‘नि-ना-कु-पेंदा’ असं स्वच्छ सुटतं: मी, आत्ता, तुला, प्रेम. क्लिंगॉनचे असे कर्ता-कर्म एकवटलेले २९ उपसर्ग मात्र पाठच करावे लागतात. ओक्रँड यांना ते सोपे करणं सहज शक्य होतं. त्यांनी केले नाहीत, आणि भाषेच्या दृष्टीने ते फार बरं झालं. जगातली कुठलीच भाषा डोक्यापासून पायापर्यंत एकाच साच्याची नसते.

८. मूळ शब्द संपतात तिथे

प्रत्ययांनी नवे शब्द पाहिजे तितके मिळतात. नवे मूळ शब्द मात्र मिळत नाहीत.

हे सर्वांत ठळकपणे कळलं ते एका अमेरिकी भाषाभ्यासकाला. त्याने आपल्या तान्ह्या मुलाशी पहिली काही वर्षं फक्त क्लिंगॉनमध्येच बोलायचं ठरवलं. मूल ती भाषा समजू लागलं, बोलूही लागलं. पण बाळाच्या घरात रोज लागणाऱ्या कितीतरी वस्तूंना क्लिंगॉनमध्ये शब्दच नव्हते. अंतराळयानातल्या अस्त्रांना होते. मुलाने पुढे त्या भाषेत उत्तरं देणं सोडलं आणि बापानेही हट्ट धरला नाही.

१९९२ साली पेनसिल्व्हेनियात क्लिंगॉन लँग्वेज इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिच्या छायेत वाढलेल्या बोलणाऱ्यांनी एक शिस्त पाळली आहे. नवा मूळ शब्द फक्त ओक्रँड यांच्याकडून यायचा. लोक हव्या असलेल्या शब्दांची यादी त्यांच्यासमोर ठेवतात. आपण ते शब्द माल्ट्झ या क्लिंगॉन कैद्याला विचारून सांगतो, असं ओक्रँड म्हणतात. हा माल्ट्झ १९८४च्या चित्रपटातलं एक पात्र आहे. संशोधक आणि माहितगार यांचं जे नातं हॅरिंग्टन आणि सोलोर्सानो यांच्यात होतं, त्याचं हे कल्पित रूप म्हणता येईल.

उरलेलं सगळं बोलणाऱ्यांच्या हाती आहे, आणि त्यांनी पुष्कळ केलं. १९९६मध्ये ‘हॅम्लेट’ क्लिंगॉनमध्ये आलं, पुढे ‘गिल्गामेश’ आलं. २०१० साली नेदरलंड्समधल्या हेग शहरात पूर्ण क्लिंगॉन संगीतिका रंगमंचावर आली. तिचं नाव ‘’उ’’, म्हणजे विश्व.

‘क़ेप’ म्हणजे बैठक. इन्स्टिट्यूटच्या वार्षिक संमेलनाला बोलणाऱ्यांनी पहिल्या जागेवरचा मोठेपणाचा प्रत्यय लावून नाव दिलं: क़ेप’आ’. गावोगावच्या लहान भेटींना लहानपणाचा ‘ख़ोम’ लावला: क़ेपख़ोम. जर्मनीत झारब्रुकेन इथला क़ेपख़ोम मात्र वर्षागणिक वाढत गेला, आणि त्याचं नाव झालं क़ेपख़ोम’आ’. मोठी लहान बैठक. नियमाप्रमाणे पहिल्या जागेवर एकच प्रत्यय बसतो. या नावात दोन बसले आहेत, आणि ते ऐकून कुणालाही अर्थ विचारावा लागत नाही.